वारसा पायांचा आणि मौनाचा

(पुण्याच्या एका उपनगरातील व्याख्यानमालेत ‘घर आणि आजारपण’ या विषयावर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमाच्या प्रारंभी आपण सर्वांनी उभे राहून ‘वंदे मातरम्’ म्हटले. त्या वेळी व्यासपीठावर मी एकटाच खुर्चीची पाठ हाताने धरून उभा होतो. पुढच्या रांगांतील काहींच्या ते लक्षात आले असेल. कदाचित खटकलेही असेल. कारण त्या वेळी सावधान उभे राहायचे, ही आपणा सर्वांना लहानपणापासून मिळालेली शिकवण आहे आणि ती योग्यच आहे. मी चालत इथवर आलो, दोन पायऱ्या चढलो. मग नुसते उभे राहताना आधाराची गरज का भासावी? या प्रश्नाचे उत्तर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मला चालता येते, परंतु निश्चल उभे राहता येत नाही. डोळे मिटून तर मुळीच नाही. माझी पावले जमिनीवर आहेत हे मला पावलांकडून कळत नाही, डोळ्यांकडून कळते.

मी डॉक्टर नाही. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेला, तीन दशकांहून अधिक काळ वृत्तपत्रात काम केलेला एक पत्रकार आहे. या काळात इतरांच्या सुखदुःखाच्या असंख्य बातम्या मी लिहिल्या. मात्र माझ्या स्वतःच्या घरातली, चार पिढ्या चालत आलेली बातमी मला २०११ साली कळली. त्या वेळी मी ४२ वर्षांचा होतो. बातमी इतकी उशिरा का कळली, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

घराण्याचा पाय

आमचे मूळ गाव वाई तालुक्यातले. घरात एक कुलवृत्तांत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कुठे गेली, कोणी वकिली केली, कोणाला कोणता मान मिळाला, सारे त्यात व्यवस्थित नोंदवलेले असते. आमच्या कुलवृत्तांतात आजोबांविषयी लिहिले आहे, ‘करारी, मितभाषी, उत्तरायुष्यात घराबाहेर फारसे पडत नसत.’ वडिलांविषयी लिहिले आहे, ‘शिक्षक.’ आत्याच्या नावापुढे तिच्या यजमानांचे नाव आणि एक शब्द आहे, ‘निपुत्रिक.’

आजोबा घराबाहेर का पडत नसत, हे त्यात नाही. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वर्गात सदैव टेबलाला टेकून का उभे राहत, हेही नाही. आणि आत्या ३३ वर्षांची असताना सासरहून परत का आली, हे तर नाहीच नाही.

लहानपणी आमच्या घरात एका गोष्टीचा अभिमान होता. आंघोळ करून ओल्या पायांनी कोणी शहाबादी फरशीवरून गेले, की घराण्याचा पाय ओळखू येत असे. टाच उमटे, चवडा आणि बोटे उमटत आणि मधे काहीच नसे; कोरडी फरशी. पावलाची कमान इतकी उंच. १९६३ साली आत्याचे लग्न झाले, तेव्हा गृहप्रवेशाच्या वेळी तिची कुंकवाची पावले पाहून सासरच्या बायका म्हणाल्या होत्या, ‘लक्ष्मीची पावलं आहेत.’ ही गोष्ट आजी आम्हाला कौतुकाने सांगायची. ती पुढची गोष्ट सांगत नसे.

पुढची गोष्ट मला दिसत होती, पण उमगत नव्हती. आत्या मागच्या खोलीत राहायची. तिच्या हाताची बोटे आत वळलेली होती. चालताना ती गुडघे उंच उचलायची आणि पाऊल ‘चप्प’ असा आवाज करत खाली पडायचे. तिचे ताट वेगळे होते. आम्हा मुलांना त्याचे कारण कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही ते कधी विचारले नाही. १९९६ साली ती गेली. दोन वर्षांनी अण्णा गेले. त्यांच्या पायांविषयी विचारले की ते ‘गुडघा दुखतो’ एवढेच म्हणत. मला अनेक वर्षांनंतर कळले की त्यांचा गुडघा अगदी ठणठणीत होता.

‘जरा बूट काढता का?’

माझी मुलगी तेव्हा १२ वर्षांची होती. शाळेत धावण्याच्या शर्यतीत ती पुनःपुन्हा पडे. घोटा मुरगळणे तर नित्याचेच. शाळेतून चिठ्ठी आली, ‘मुलगी लक्ष देत नाही.’ आम्ही तिला रागावलो, चांगले बूट आणले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. अखेर अस्थिरोगतज्ज्ञांनी मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

त्या डॉक्टरांनी तिची पावले पाहिली, गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून पाहिली. मग ते तिच्याकडे न पाहता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘साहेब, जरा आपले बूट-मोजे काढता का?’

मी बूट काढले. तीच उंच कमान, तीच आकड्यासारखी वाकलेली बोटे. गुडघ्याखालची पोटरी वरच्या मानाने कृश. डॉक्टरांनी विचारले, ‘आपले वडील कसे चालायचे?’ त्या एका प्रश्नासरशी अण्णांचे टेबल, आजोबांची ओसरी आणि आत्याची मागची खोली एका ओळीत येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर आईची पहिली प्रतिक्रिया होती, ‘आपल्याकडे असं कुणाला नाही. सूनबाईंच्या माहेरचं असेल.’ माझी पत्नी काही बोलली नाही. दोष बहुधा सुनेच्या माथी जातो, हे आपल्याकडच्या स्त्रीला कोणी शिकवावे लागत नाही. मी आईला डॉक्टरांनी सांगितलेले सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. आणि त्या रात्री तिने प्रथमच आत्याची हकिकत सांगितली.

लग्नानंतर दहा वर्षांनी आत्याची बोटे वळू लागली. चुलीपाशी काम करताना बोट भाजले तरी तिला कळत नसे, जखमा चिघळत. गावातल्या डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपून पाहिली, ती जाड लागली. हात वळलेला, जखमा न दुखणाऱ्या, नस जाड. निदान झाले, ‘महारोग.’ १९७४ साली तिला माहेरी आणून सोडले, आणि तिला न्यायला पुन्हा कोणी आले नाही. माहेरच्यांनी तिला ठेवून घेतले. परंतु तेही मनातून तेच समजत होते. तिच्या अंगावर एकही चट्टा नव्हता, हे कोणी पाहिले नाही. तिच्या भावाची, म्हणजे अण्णांची चाल हळूहळू तिच्यासारखी होत होती, हे मात्र अण्णांनी पाहिले असले पाहिजे. म्हणूनच ते आयुष्यभर ‘गुडघा दुखतो’ म्हणत राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. आत्याला खरोखर कुष्ठरोग असता, तरीही तिला टाकणे तितकेच चूक ठरले असते. तो जंतूमुळे होणारा रोग आहे आणि बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती. ती २०१९ मध्ये संसदेने काढून टाकली. कायद्याला जे उशिरा का होईना उमगले, ते घराघरांत अजून उमगायचे आहे.

तारेवरचे आवरण

आमच्या विकाराचे नाव आहे शार्को-मारी-टूथ. नाव ऐकून अनेकांना तो दातांचा आजार वाटतो. वास्तविक ही तीन डॉक्टरांची आडनावे आहेत. १८८६ साली पॅरिसमध्ये शार्को आणि त्यांचे शिष्य मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टूथ यांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. दोष पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत नसून हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत असावा, हे टूथ यांनी अचूक ओळखले होते.

विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर एक स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे मेंदूचा निरोप वेगाने स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि त्वचेचा निरोप मेंदूपर्यंत. निरोगी माणसाच्या हातात हा वेग सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून अधिक असतो. माझी तपासणी झाली तेव्हा तो २२ मीटर भरला. आवरण बिघडले की कालांतराने आतली तारही झिजते. सर्वात लांब तारा पावलांपर्यंत जातात म्हणून आरंभ पावलांपासून होतो. पुढे हातांची पाळी येते. बुद्धी शाबूत राहते, आणि बहुतेकांचे आयुष्यमानही कमी होत नाही. म्हणजे हा विकार जीव घेत नाही. तो रोज थोडे थोडे काम अवघड करत जातो.

त्याचे कारण १९९१ मध्ये उघडकीला आले. १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका छोट्या भागाची या विकाराच्या सर्वात आढळणाऱ्या प्रकारात एक प्रत जास्त असते. दोन असायला हव्यात, तिथे तीन. त्यामुळे आवरणातील एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते आणि आवरणच बिघडते. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ असे आपण म्हणतो. इथे मात्र अधिकाचे फळ उणे आहे. या शोधात ज्यांचा मोठा वाटा होता, ते अमेरिकेतील संशोधक जेम्स लुप्स्की स्वतः याच विकाराच्या दुसऱ्या एका प्रकाराचे रुग्ण आहेत. २०१० मध्ये त्यांनी आपला संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून घेतला आणि स्वतःच्या व्यंगाचे कारण शोधून जगापुढे ठेवले. आज या विकाराशी संबंधित शंभराहून अधिक जनुके ज्ञात आहेत.

आनुवंशिकतेचा हिशोब साधा आहे, पण तो नीट समजून घेतला नाही तर अनर्थ होतो. आमच्या प्रकारात आईला किंवा वडिलांना विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. एका मुलाला झाला म्हणजे दुसरा सुटला असे नाही. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. माझ्या धाकट्या भावाला हा दोष मिळाला नाही. त्यामुळे त्याच्या मुलांनाही तो त्याच्याकडून मिळणार नाही. ‘त्या घराण्यात काहीतरी आहे’ म्हणून त्याच्या मुलीचे स्थळ नाकारणे हे अज्ञान आहे. काही प्रकारांत मात्र आई-वडील दोघेही निरोगी असून दोघांकडूनही दोष यावा लागतो. अशा ठिकाणी जवळच्या नात्यातील विवाह धोका वाढवतात. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. तिचा विचार या दृष्टीने व्हायला हवा.

हा दुर्मीळ विकार म्हणावा, तर तसाही नाही. साधारणतः अडीच हजारांत एक असे त्याचे प्रमाण जगभर सांगितले जाते. तेच प्रमाण महाराष्ट्राला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हिशोब सुमारे ४५ हजारांचा येतो. एवढी माणसे कुठे आहेत? ती आपल्यातच आहेत. ‘गुडघा दुखतो’ म्हणत आहेत.

एक दिवस

माझा दिवस कसा जातो, हे सांगतो. यात सहानुभूतीची अपेक्षा नाही; आपल्या शेजारच्या माणसाचे वागणे कळावे एवढाच हेतू आहे.

सकाळी आंघोळीचे पाणी मी कोपराने पाहतो, कारण बोटांचा आणि पावलांचा भरवसा नाही. तोंड धुताना साबण जाऊ नये म्हणून आपण डोळे मिटतो. त्या चार क्षणांत मी पुढे कलंडतो, म्हणून कंबर बेसिनला टेकवून उभा राहतो. सदऱ्याची गुंडी हा माझा रोजचा शत्रू. पत्नीने कधीच न बोलता लेंग्याच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातले. चेनला किल्लीची कडी अडकवली. खिशात हात घातला तर नाणे रुपयाचे आहे की दोनचे, हे बोटांना ओळखता येत नाही. एकदा बँकेतून धनादेश परत आला. सही जुळत नव्हती. मी काउंटरवर म्हणालो, ‘बाई, सही माझीच आहे, हात मात्र पूर्वीचा राहिलेला नाही.’ त्या बिचाऱ्या मुलीला काय बोलावे ते कळेना. आता नवी सही नोंदवली आहे. तीही केव्हातरी बदलावी लागेल.

बूट घातला की त्यात प्लास्टिकची स्प्लिंट असते. ती पाऊल उचलून धरते, त्यामुळे चवडा जमिनीला अडत नाही. या स्प्लिंटने माझे चालणे परत दिले. पण आपली संस्कृती उंबऱ्यापाशी पादत्राणे काढण्याची. कोणाच्या घरी गेलो की दारातच माझा प्रश्न उभा राहतो. बूट काढले तर चालता येत नाही. न काढले तर यजमानांच्या घराचा मान राहत नाही. त्यावर मी तोडगा काढला आहे. कधीही रस्त्यावर न वापरलेले स्वच्छ कापडी बूट पिशवीत बाळगतो आणि दारात बसून बदलतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आजवर कधी नाही म्हटलेले नाही. न सांगता गेलो असतो, तर कदाचित म्हटले असते.

पायऱ्या चढणे सोपे, उतरणे कठीण. संध्याकाळी थकवा आला की चाल झोकांड्या खाते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ कितीतरी दिवस माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करत. एकदा त्यांनी दुसऱ्याला सांगितलेले मी ऐकले, ‘पत्रकार माणूस, संध्याकाळी घेत असणार.’ मी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. मला राग आला. परंतु विचार करता जाणवले की चूक अर्धी माझी होती. दहा वर्षे एका जिन्यावर भेटणाऱ्या माणसाला मी तरी कुठे काही सांगितले होते?

एका एप्रिल महिन्यात गावी देवीच्या दर्शनाला गेलो. तेव्हा स्प्लिंट नव्हती. दुपारची वेळ, दगडी प्रांगण, अनवाणी. प्रदक्षिणा पूर्ण केली, घरी येऊन जेवलो, झोपलो. उठलो तेव्हा सतरंजीवर ओले डाग होते. दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते आणि मला पत्ताही नव्हता. बरे व्हायला दीड महिना लागला. त्या वेळी मला आत्याची भाजलेली बोटे आठवली. वेदना ही किती मोठी राखणदार आहे, हे ती सोडून गेल्यावर कळते.

तेव्हापासून रोज रात्री आरसा घेऊन मी तळवे तपासतो. घरात मऊ रबराच्या एमसीआर चपला घालतो. या चपला आपल्याकडे मुख्यतः कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी वापरात आल्या. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर अनेक वर्षे काम केले आणि दाखवून दिले की या रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या इजांमुळे ती जातात. बधिर पावलाची काळजी कशी घ्यायची, हे शास्त्र अशा कामातून उभे राहिले. ज्या रोगाच्या संशयाने माझ्या आत्याचा संसार मोडला, त्याच रोगाच्या रुग्णांसाठी झालेल्या कामावर आज माझी पावले सुरक्षित आहेत. हे ऋण मी विसरू शकत नाही.

विकार बरा करणारे औषध आज नाही. ‘क’ जीवनसत्त्वाने उंदरांत सुधारणा दिसल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे माणसांवरील चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. म्हणून जाहिरात पाहून ‘नसा बळकट करणारी’ औषधे घेऊ नका. शिसे, सोमल यांसारखे धातू मज्जातंतूंना घातकच आहेत. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध आमच्यासारख्यांच्या मज्जातंतूंची गंभीर हानी करू शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर विकाराचे नाव प्रथम सांगावे. शाकाहारी कुटुंबांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्याची कमतरता आणि मधुमेह आमच्या आधीच दुबळ्या मज्जातंतूंवर दुहेरी आघात करतात. नियमित बेताचा व्यायाम, पोहणे, स्थिर सायकल, भिंतीला धरून तोल सांभाळण्याचा सराव, योग्य स्प्लिंट आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, एवढा शिधा आमच्यापाशी आहे. तो नीट वापरला तर पुष्कळ पुरतो.

सांगायचे की लपवायचे

माझी मुलगी आता नोकरी करते, स्वतंत्र आहे. दोन वर्षांपूर्वी घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला. नातेवाइकांचा सल्ला एकमुखी होता, ‘लग्नाआधी कशाला सांगायचं? लांब परकर, साडी नेसली की पाय दिसत नाहीत. तुझ्या वडिलांनी तरी कुठे सांगितलं होतं?’

हा शेवटचा प्रश्न मला बोचला. खरेच, अण्णांनी आईला सांगितले नव्हते. मीही पत्नीला सांगितले नव्हते. मला ठाऊक नव्हते म्हणून. पण मुलीला ठाऊक आहे. तिच्या बाबतीत न सांगणे हे अज्ञान ठरणार नाही, ती फसवणूक ठरेल.

ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, नकार आला तर एक स्थळ जाईल. लपवलं तर आयुष्यभर पाय लपवत बसावं लागेल. आत्याआजीला हेच झालं ना?’

पहिल्याच भेटीत ती स्वतः सांगते. विकाराचे नाव, पुढे काय होऊ शकते, अपत्यांना निम्मी शक्यता, आज उपलब्ध असलेला जनुकीय सल्ला, सारे. दोन स्थळांनी नम्रपणे नकार दिला. त्यांना मी दोष देत नाही. विचार करून नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. तिचे लग्न अजून ठरलेले नाही. तिला त्याची खंत आहे का, असे मी एकदा विचारले. ‘आहे,’ ती म्हणाली, ‘पण भीती नाही.’

कोणी कोणी ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून सांत्वन करतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु या सांत्वनाने माझ्या आत्याला आयुष्यभर अपराधी ठरवले. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. पित्याच्या शापाने गर्भातच त्याचे शरीर आठ ठिकाणी वाकडे झाले. म्हणजे व्यंग त्याला पित्याकडून आले. दोष त्याचा नव्हता. पुढे जनकाच्या सभेत वाद जिंकून त्यानेच त्या पित्याला सोडवून आणले, आणि मग समंगा नदीत स्नान करून त्याची गात्रे सरळ झाली. आमच्यासाठी समंगा नदी अद्याप सापडायची आहे. परंतु अपत्याने पित्याला सोडवण्याचा भाग आमच्या घरातही घडला. मुलीचे निदान झाले म्हणून मला अण्णांचे मौन समजले, आणि आत्यावरचा कलंक, तिच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी का होईना, पुसला गेला.

एवढे करता येईल

आपल्यापैकी अनेकजण सामाजिक कामात आहात. आपल्याला चार गोष्टी सुचवतो.

कार्यक्रमात बैठक जमिनीवर असली, तरी बाजूला चार खुर्च्या कोणी मागण्याआधीच ठेवा. पंगतीत एक टेबल असू द्या. मागावी लागलेली खुर्ची आणि आधीच ठेवलेली खुर्ची यांत फार अंतर आहे.

मंदिरांच्या विश्वस्त मंडळांवर आपण असाल, तर पायऱ्यांना कठडा बसवा आणि उन्हाळ्यात दगडी प्रांगणात काथ्याच्या पट्ट्या अंथरा. त्याचा लाभ वृद्धांना आणि मधुमेहींनाही होईल.

अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात व्यंगाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. त्यात चलनवलनाचे व्यंग आहे, तसेच दीर्घकालीन मज्जाविकारही आहेत. ४० टक्के किंवा अधिक व्यंग प्रमाणित झाले तर शिक्षणात, नोकरीत कायद्याचे संरक्षण मिळते. वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज भरणे अनेकांना जमत नाही. आपल्या वस्तीत एखादा असा माणूस असेल, तर त्याच्यासोबत एक दिवस रुग्णालयात जा.

चौथी गोष्ट सर्वात सोपी आणि सर्वात अवघड. आपल्या घरात बोला. आजोबा कशाने अंथरुणाला खिळले, काकूला ऐकू येणे केव्हा बंद झाले, कोणाची मुले लहानपणीच का गेली, हे मुलांना सांगा. त्यात लाजेचे काही नाही. लवकर कळले तर मुलाला योग्य बूट मिळतात, योग्य व्यायाम मिळतो, योग्य क्षेत्र निवडता येते, आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खावी लागत नाहीत.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची आहे. संपादक काकांनी माहिती मागवली, तेव्हा मुलीने चार पिढ्यांचा तक्ता करून पाठवला. कोणाला विकार होता, कोणाला नव्हता, कोणाचे निदान केव्हा झाले. काका बिचकले. म्हणाले, ‘हे छापायचं?’ ज्यांच्याविषयी छापायचे, त्या सर्व हयात नातेवाइकांची संमती घेऊ असे मी सांगितले. काहींनी दिली आहे, काहींनी नाही. ज्यांनी दिली नाही, त्यांची नावे त्या तक्त्यात नसतील. मुलगी मात्र एका नोंदीविषयी आग्रही आहे. आत्याच्या नावापुढचा तो एकच शब्द तिला पुसायचा आहे. त्या जागी तिने लिहून पाठवले आहे, ‘यांना आनुवंशिक मज्जाविकार होता. तो संसर्गजन्य नव्हता. यांच्यावर अन्याय झाला.’

काकांचे उत्तर अजून यायचे आहे. मी वाट पाहतो आहे.

आता पुन्हा उभे राहायची वेळ येईल, तेव्हा मी खुर्चीची पाठ धरणार आहे. त्याचे कारण आता आपल्याला माहीत आहे.